सर्व्हरवर वर्ड चालवलं की काय होतं? माझ्याच चुकीची गोष्ट

गणपतीचे दिवस होते. वडखळच्या ट्रॅफिकमधून कसाबसा गडबला घरी पोचलो होतो. आरती झाली, जेवायला बसणार तेवढ्यात फोन वाजला. आमच्या कंपनीने एका शिक्षण संस्थेसाठी ऑनलाइन दाखले देणारी वेबसाइट बनवली होती, तिथल्या ऑफिसमधून फोन होता.

"सर, एका मुलीने बोनाफाईड डाउनलोड केलाय. पण त्याच्यावर नाव, जन्मतारीख, जात सगळं दुसऱ्याच मुलाचं आहे. आणि बाकीच्यांचं नुसतं गोल गोल फिरतंय."

स्कॉलरशिपचा फॉर्म भरायची मुदत जवळ आली होती. तिला तिचा दाखला मिळाला नव्हता, आणि एका मुलाची खाजगी माहिती त्याला न विचारता अनोळखी फोनमध्ये जाऊन बसली होती. दाखला तयार करणारा कोड मी लिहिला होता. तेव्हा नोकरीचं पहिलंच वर्ष होतं.

मोबाईलचा हॉटस्पॉट लावून लॅपटॉपवरून सर्व्हर उघडला. टास्क मॅनेजरमध्ये एकाखाली एक मायक्रोसॉफ्ट वर्डच्या कितीतरी प्रोसेस अडकून पडलेल्या होत्या. स्क्रीनवर मात्र वर्डची एकही खिडकी दिसत नव्हती.

ही चूक आजही खूप जण करतात. कॉलेजच्या प्रोजेक्टमध्ये करतात, छोट्या कंपन्यांमध्येही करतात. तुम्ही फोनवरून एखाद्या पोर्टलवर 'डाउनलोड' दाबता तेव्हा मागे काय चालतं, वर्ड किंवा एक्सेल सर्व्हरवर का चालवू नये, आणि त्याऐवजी काय करावं, हे आज बघूया.

आधी समजून घेऊ: ऑटोमेशन म्हणजे काय?

वर्ड आपण हाताने चालवतो. फाईल उघडतो, नाव टाईप करतो, सेव्ह करतो. हेच सगळं दुसऱ्या प्रोग्रॅमकडूनही करून घेता येतं. विंडोजमध्ये त्यासाठी 'कॉम' नावाची सोय आहे. आपला कोड वर्डला सांगतो: ही फाईल उघड, 'नाव' लिहिलंय तिथे हे नाव टाक, पीडीएफ करून दे, बंद हो. वर्ड ऐकतो.

ही सोय चांगलीच आहे. ऑफिसमधल्या कारकुनाने स्वतःच्या कॉम्प्युटरवर एका मॅक्रोने शंभर पत्रं काढली, तर त्यात काही बिघडत नाही. तो समोर बसलेला असतो. काही अडलं तर त्याला दिसतं, तो 'ओके' दाबतो, काम पुढे जातं.

गडबड होते ती हाच वर्ड वेब सर्व्हरवर बसवून, जगातल्या कोणीही बटण दाबलं की तो आपोआप चालू होईल अशी व्यवस्था केल्यावर. आम्ही नेमकं तेच केलं होतं.

मग आम्ही तसं का केलं?

कारण मराठी! हे कारण इंग्रजी ट्युटोरियलमध्ये फारसं सापडणार नाही.

युनिकोडमध्ये 'कि' हे अक्षर साठवताना आधी 'क' येतो आणि मग ऱ्हस्व वेलांटी. दाखवताना मात्र वेलांटी 'क'च्या डावीकडे काढावी लागते. 'र्क' साठवताना आधी 'र', मग हलन्त, मग 'क', आणि दाखवताना रफार 'क'च्या डोक्यावर. म्हणजे फाईलमध्ये जो क्रम असतो तोच पानावर दिसत नाही. मध्ये कोणीतरी ही जुळणी करावी लागते. तिला शेपिंग म्हणतात.

पीडीएफ बनवणाऱ्या काही साध्या लायब्ररी ही जुळणी करतच नाहीत. आम्ही पहिल्यांदा तशीच एक वापरून पाहिली. 'विद्यार्थी' या शब्दातली वेलांटी भलत्या जागी गेली आणि 'द्या' सुटा सुटा झाला. साहेबांनी प्रिंट बघून परत पाठवली.

वर्डमध्ये तोच मजकूर झकास दिसत होता. शिवाय संस्थेने दाखल्याचा नमुना वर्डमध्येच दिला होता, लेटरहेडसकट. मग डोक्यात आलं, वर्डकडूनच करून घेऊ की! माझ्या लॅपटॉपवर दोन तासांत चाललं. तिघांनी टेस्ट केलं, तिघांना बरोबर दाखला मिळाला. सगळे खूश.

धोका पहिला: प्रश्न विचारला, पण ऐकायला कोणीच नाही

वर्ड हा बोलका प्रोग्रॅम आहे. "ही फाईल दुसरं कोणीतरी वापरतंय, फक्त वाचायला उघडू का?" "मागच्या वेळी नीट बंद झालो नव्हतो, फाईल परत आणू का?" "लायसन्स ॲक्टिव्हेट करायचं आहे." असे प्रश्न तो विचारतो आणि उत्तर येईपर्यंत थांबतो.

सर्व्हरवर त्याच्यासमोर माणूसच नसतो. त्यात विंडोज व्हिस्टा आणि सर्व्हर २००८ पासून पार्श्वभूमीत चालणाऱ्या सर्व्हिसेस 'सेशन झिरो' नावाच्या वेगळ्या खोलीत चालतात. तिथली खिडकी सर्व्हरवर लॉगिन केलेल्या माणसालाही दिसत नाही. म्हणून मला एकही खिडकी दिसली नाही. वर्ड त्या बंद खोलीत प्रश्न विचारून उत्तराची वाट बघत बसला होता.

इकडे विद्यार्थ्याच्या फोनवर गोल फिरत राहतं. तो वैतागून परत बटण दाबतो. आमच्या कोडमुळे काही वेळा नवा वर्ड चालू व्हायचा, तोही अडकायचा. गर्दी वाढत गेली ती अशी.

धोका दुसरा: एका वेळी एकच काम

आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा कारागीर बघा. हात इतका बारीक, की मूर्ती जिवंत वाटते. पण तो एका वेळी एकाच मूर्तीचे डोळे काढणार. दहा जण दहा मूर्ती घेऊन त्याच्यासमोर उभे राहिले म्हणून काम दहापट वेगाने होत नाही. उलट हात हलायची भीती.

वर्ड आणि एक्सेल आतून असेच आहेत. बाहेरून आलेल्या सूचना ते एकापाठोपाठ एक घेतात. वेब सर्व्हरचा स्वभाव नेमका उलटा. एकाच वेळी शेकडो जणांना उत्तर द्यायचं, यासाठीच तो बनलेला आहे. प्रत्येक विनंतीसाठी वेगळा वर्ड उघडायचा म्हटलं तर मेमरी पुरत नाही. शिवाय विंडोजमध्ये खिडक्या, मेन्यू यांच्यासाठी 'डेस्कटॉप हीप' नावाची मर्यादित जागा असते. माणूस समोर नसलेल्या सर्व्हिसेसना ती साधारणपणे फक्त ७६८ केबी मिळते. ती भरली की नवा वर्ड उघडतच नाही, आणि जो एरर येतो त्यावरून खरं कारण कळत नाही.

धोका तिसरा: दुसऱ्याचं नाव

आता त्या मुलीच्या दाखल्याकडे येऊ.

मेमरी वाचवायची म्हणून मी एक 'हुशारी' केली होती. वर्ड आधीच चालू असेल तर नवा उघडायचा नाही, चालू असलेलाच वापरायचा. आणि कोडमध्ये लिहिलं होतं 'ॲक्टिव्ह डॉक्युमेंट', म्हणजे आत्ता समोर असलेली फाईल. त्या फाईलची पीडीएफ कर आणि ज्याने मागितली त्याला पाठव.

आपल्या टेबलावर 'आत्ता समोर असलेली फाईल' एकच असते, म्हणून कधी चुकत नाही. त्या दिवशी मुलीची विनंती आली, वर्डने तिची फाईल उघडली. ती भरून होते न होते तोच एका मुलाची विनंती आली आणि त्याची फाईल उघडली गेली. आता 'समोर' होती मुलाची फाईल. मुलीसाठी चाललेल्या कोडने समोरची फाईल उचलली, पीडीएफ केली आणि मुलीला पाठवली.

कुठेही एरर आला नाही. लॉगमध्ये लिहिलं होतं: यशस्वी.

हीच गोष्ट मला सगळ्यात भयंकर वाटते. वेबसाइट बंद पडली तर निदान सगळ्यांना कळतं. चुकीचा दाखला मात्र गुपचूप निघतो, आणि नाव वाचून बघितलं नाही तर तसाच पुढे अपलोड होतो.

धोका चौथा: वर्डला वाटतं तो कोणाच्या तरी घरात आहे

वर्ड चालू होताना युजरचं प्रोफाईल शोधतो. त्याचा डीफॉल्ट प्रिंटर कोणता, भाषा कोणती, तारीख कशी लिहायची, नमुन्याची 'नॉर्मल' फाईल कुठे आहे. पानाची मांडणी करतानासुद्धा तो प्रिंटरची माहिती विचारात घेतो. सर्व्हरवरच्या सर्व्हिसला बऱ्याचदा यातलं काहीच नसतं.

त्यामुळे विचित्र गोष्टी घडतात. एक प्रसिद्ध जुगाड आहे: विंडोजच्या आत सिस्टीम प्रोफाईलमध्ये 'डेस्कटॉप' नावाचा रिकामा फोल्डर बनवा, की अडकलेलं एक्सेल चालू लागतं! मीही तो बनवला होता. रिकाम्या फोल्डरने प्रोग्रॅम सुधारतो, तेव्हा समजायचं की आपण त्याला भलत्या जागी बसवलंय.

मराठीसाठी आणखी एक त्रास. माझ्या लॅपटॉपवर असलेला फॉन्ट सर्व्हरवर नसेल तर वर्ड गुपचूप दुसरा फॉन्ट घेतो आणि मांडणी बिघडते. नमुना जुन्या, युनिकोड नसलेल्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलेला असेल तर आणखी वाईट. तो फॉन्ट नसला की 'मुख्याध्यापक' ऐवजी निरर्थक इंग्रजी अक्षरं छापली जातात.

धोका पाचवा: सुरक्षा

दाखला देणं एक झालं. काही पोर्टल याच्या उलट करतात. तुम्ही अपलोड केलेली वर्ड फाईल सर्व्हरवर वर्डमध्ये उघडून तिची पीडीएफ करतात. म्हणजे अनोळखी माणसाने दिलेली फाईल, कोणी न बघता, थेट सर्व्हरवर उघडायची.

वर्ड फाईलमध्ये मॅक्रो असू शकतो, म्हणजे चालणारा कोड. मार्च १९९९ मध्ये पसरलेला मेलिसा व्हायरस असाच वर्डच्या मॅक्रोमधून आला होता. इंटरनेटवरून आलेल्या फाईलमधले मॅक्रो सरसकट अडवायला मायक्रोसॉफ्टने २०२२ मध्ये सुरुवात केली. पण मॅक्रो बंद ठेवूनही भागत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात 'फोलिना' नावाची त्रुटी उघड झाली. त्यात वर्ड फाईल बाहेरून एक पान ओढून आणायची आणि विंडोजच्या दुरुस्ती-मदतीच्या टूलमार्फत हल्लेखोराचा कोड चालवायची. मॅक्रो लागतच नव्हता.

त्यात भर म्हणजे, वर्ड सर्व्हरवर चालत नाही म्हटल्यावर बरेच जण त्याला ॲडमिनचे अधिकार देऊन टाकतात. मग चालतो! मीही हेच केलं होतं. पण आता त्या वर्डमधून कोणी आत शिरला, तर त्याच्याही हातात ॲडमिनच्या चाव्या.

चाव्या हातात पडल्यावर काय होतं याचं उदाहरण आमच्याच रायगड जिल्ह्यात घडलंय. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला जगभर पसरला. त्याची सुरुवात झाली युक्रेनमध्ये, कर आणि हिशेबासाठी ऑफिसांमध्ये वापरल्या जाणाऱ्या 'एम.ई.डॉक' या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. तिथून मर्स्क या जहाज कंपनीचं नेटवर्क सापडलं, आणि उरणजवळच्या जेएनपीटी बंदरात मर्स्क समूहाकडून चालवलं जाणारं टर्मिनलही ठप्प झालं. पसरण्यासाठी त्याने विंडोजमधली एक त्रुटी तर वापरलीच, पण कॉम्प्युटरच्या मेमरीतून चोरलेले पासवर्डही वापरले. ॲडमिनचा पासवर्ड मिळाला की पुढचं मशीन उघडं. तिथे सर्व्हरवर वर्ड चालवल्याचा प्रश्न नव्हता, हे लक्षात ठेवा. पण ऑफिसातल्या एका साध्या सॉफ्टवेअरवर ठेवलेला विश्वास आणि सढळ हाताने वाटलेले अधिकार किती लांब पोचतात, ते न्हावा शेव्याला दिसलं.

मायक्रोसॉफ्ट स्वतः काय सांगते?

मला नंतर कळलं की हे सगळं मायक्रोसॉफ्टने आधीच लिहून ठेवलंय. त्यांच्या मदत-लेखांमध्ये २५७७५७ या क्रमांकाचा एक जुना लेख आहे. त्यात स्पष्ट म्हटलंय, की माणूस समोर नसताना सर्व्हरवरून ऑफिस चालवण्याची ते शिफारस करत नाहीत, आणि कोणी तसं केलं तर सपोर्टही देत नाहीत. ऑफिस अस्थिर होऊ शकतं, अडकू शकतं, असंही त्यात आहे.

लायसन्सचाही मुद्दा त्याच लेखात आहे. सर्व्हरवर एक ऑफिस बसवून हजारो लोकांची कामं करून घ्यायची, तर त्या लोकांकडेही ऑफिसचं लायसन्स हवं. आता कंपन्यांच्या आतल्या रोबोटिक ऑटोमेशनसाठी मायक्रोसॉफ्टचं वेगळं लायसन्स मिळतं. पण तेवढ्यावर वर्डचा स्वभाव बदलत नाही.

मी तो लेख सर्व्हर अडकल्यावर वाचला. तुम्ही आधी वाचा.

मग करायचं काय?

१. वर्डची फाईल वर्डशिवाय बनवा. ऑफिस २००७ पासूनची डॉक्स फाईल म्हणजे खरं तर एक झिप फाईल असते. आत एक्सएमएल नावाच्या साध्या मजकुराच्या फाईली असतात. हा फॉरमॅट २००६ मध्ये एक्मा ३७६ आणि २००८ मध्ये आयएसओ २९५०० म्हणून जाहीर झालाय, कोणीही वाचू-लिहू शकतं. डॉटनेटसाठी ओपन एक्सएमएल एसडीके, जावासाठी अपाची पीओआय, पायथॉनसाठी पायथॉन-डॉक्स आणि ओपनपायएक्सेल, पीएचपीसाठी पीएचपीवर्ड. यातलं काहीही वापरा. नमुना म्हणजे साचा, त्यात माहिती ओता, फाईल तयार. वर्ड उघडायची गरजच नाही.

खरं वाटत नसेल तर फोनवर करून बघा. खाजगी माहिती नसलेल्या एका डॉक्स फाईलची कॉपी करा. तिच्या नावाचा शेवट बदलून झिप करा आणि फाईल मॅनेजरमध्ये उघडा. आत 'वर्ड' फोल्डर दिसेल, त्यात 'डॉक्युमेंट' नावाची एक्सएमएल फाईल. ती टेक्स्ट म्हणून उघडलीत की खुणांच्या गर्दीत तुमची मराठी वाक्यं दिसतील.

२. पीडीएफच हवी असेल तर ब्राउझर वापरा. दाखला एचटीएमएलमध्ये लिहा आणि खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोमकडून पीडीएफ करून घ्या. क्रोममध्ये ही 'हेडलेस' सोय २०१७ पासून आहे. क्रोम मराठीची जुळणी हार्फबझ या इंजिनाकडून करून घेतो, त्यामुळे वेलांटी आणि रफार जागेवर बसतात. फक्त सर्व्हरवर चांगला देवनागरी युनिकोड फॉन्ट टाकायला विसरू नका.

३. लिब्रेऑफिस वापरायचंच असेल तर पिंजऱ्यात ठेवा. त्यालाही खिडकीशिवाय चालता येतं. पण मुळात तेही डेस्कटॉप सॉफ्टवेअरच आहे. म्हणून वेगळ्या कंटेनरमध्ये, कमीत कमी अधिकार देऊन, इंटरनेट बंद ठेवून चालवा. ठराविक वेळेत काम झालं नाही तर बंद करा. एकाच वेळी सगळे आत नकोत, रांग लावा.

४. प्रत्येक कामाला वेगळं नाव द्या. 'समोरची फाईल', 'टेम्प डॉक्स' असं काही कोडमध्ये नको. आणि पीडीएफ पाठवण्याआधी ती वाचून, आतलं नाव मागणाऱ्याच्या नावाशी जुळतं का ते कोडनेच तपासा.

तुम्ही नुसते वापरणारे असाल तर

- दाखला डाउनलोड झाला की आधी उघडा. नाव, जन्मतारीख, नंबर वाचा, मगच पुढे अपलोड करा.
- गोल फिरत असेल तर बटण पुन्हा पुन्हा दाबू नका. थोडा वेळ थांबा.
- दुसऱ्याचा दाखला मिळाला तर ग्रुपवर गंमत म्हणून टाकू नका. त्यावर कोणाची तरी जन्मतारीख आणि जात असते. संस्थेला कळवा आणि डिलीट करा.
- पर्याय असेल तर वर्डऐवजी पीडीएफ अपलोड करा.

त्या रात्री पुढे काय झालं?

मी दाखल्यांचं पान बंद केलं. संस्थेच्या ऑफिसने दुसऱ्या दिवशी जुन्या पद्धतीने, हाताने दाखले काढून दिले. त्या मुलीचा फॉर्म मुदतीत गेला. निघालेले सगळे दाखले आम्ही एक एक उघडून तपासले. चुकीचे आणखीही सापडले. ज्यांची माहिती दुसऱ्याकडे गेली होती त्या प्रत्येकाला संस्थेने फोन केला. ते फोन चालू असताना मी तिथेच बसलो होतो. एका मुलाच्या वडिलांनी एवढंच विचारलं, "म्हणजे आमच्या पोराचा कागद आता कोणाकडे आहे?"

पुढच्या तीन आठवड्यांत सगळं एचटीएमएल आणि क्रोमवर नेलं. सर्व्हरवरून वर्ड काढून टाकला.

वर्ड वाईट नाही. हा लेखसुद्धा मी आधी वर्डमध्येच टाईप केलाय. पण तो समोर बसलेल्या माणसासाठी बनवलेला आहे. तुम्ही उद्या प्रोजेक्टमध्ये एखादं सॉफ्टवेअर सर्व्हरवर बसवायला जाल, तेव्हा आधी एवढंच विचारा: याने मध्येच काही विचारलं, तर उत्तर कोण देणार?